तोंड बंद, डोळे उघडे

— नाही नाही, बटण दाबू नकोस इतक्यात, मी अजून बोलतेय ना. बोलतेय तोवर उघडे आहेत — बघ ना नीट, दोन्ही, चांगले टपोरे. आता मी गप्प बसते हं. बघ — — मिटले. बघितलंस? आणि आता परत तोंड सुरू केलं की — हे उघडले. आहे की नाही मजा? तोंड चालू तर डोळे चालू, तोंड बंद तर डोळे बंद. आणि त्या व्हिसाच्या कचेरीतल्या खिडकीवाल्याला नेमकं उलटं पाहिजे — तोंड बंद, डोळे उघडे. अरे, तोंड बंद ठेव म्हणून सासू सांगून थकली, नवरा सांगून थकला, शाळेतल्या बाईंनी चौथीत नाद सोडला माझा, आणि या खिडकीवाल्याला ते एका फोटोत पाहिजे!

उसासा टाकू नकोस असा. टक्कल झाकायला केस इकडून तिकडे नेऊन बसवलेत, ते उडाले बघ उसाशानं. रागावलास? गंमत केली रे. आणि आजी म्हणू नकोस, मावशी म्हण, तुझ्यात माझ्यात काही तेवढं अंतर नाही. माहितीये मला, तिसऱ्यांदा आलेय तुझ्या दारात. पहिल्या फोटोत डोळे मिटलेले — त्यानं अर्ज परत सरकवला, म्हणाला, बाई, हा झोपलेल्या माणसाचा फोटो आहे. मी म्हटलं, रांगच एवढी होती की झोप लागली. हसला नाही. त्या खुर्चीवर बसवायच्या आधी हसणं काढून घेत असतील. आणि दुसरा फोटो — तो तर तुझ्यासुद्धा लक्षात आला नाही! मी घरूनच पापण्यांवर डोळे काढून आले होते, काळ्या पेन्सिलीनं, बुबुळं बिबुळं, वर टूथपेस्टचा पांढरा ठिपका दिला चमकायला — आणि तू म्हणालास, वा मावशी, आज अगदी छान, हलू नका! चष्मा लागलाय तुला, तपासून घे. खिडकीवाल्यानं भिंग लावलं तेव्हा कुठं दचकला, सगळ्या कचेरीला ऐकू जाईल असं ओरडला, खरे डोळे आणा! जशी काही मी येताना भाजीबरोबर घेऊन येणार होते.

किती वाजले? अडीच. चारला त्याची खिडकी बंद होते. आणि आज शेवटचा दिवस आहे, तारीख लिहून दिलीय त्यानं अर्जावर, लाल शाईनं. आज फोटो गेला नाही तर सगळं परत पहिल्यापासून — कागद, सह्या, रांग — वर्ष-दीड वर्ष. मुलगी बोलावतेय ना तिकडं, कायमची. परदेशात असते ती. तिनं माझी खोली रंगवलीसुद्धा, फोनवर दाखवली, खिडकीतनं झाड दिसतं एक, आणि खाटेवर चादर घातलीय कोपरे दुमडून, मी शिकवले तसे. एकच अट आहे तिची. म्हणाली, आई, गोळ्या चालू असतील तर ये, गोळ्या बंद करून येणार असशील तर मला झेपायचं नाही. बरोबर आहे तिचं. पोर नोकरी करणार की मला सांभाळणार. पण गेले नाही तर त्या घरात परत मी एकटी — एकटी म्हणजे — जाऊ दे ते. दिवे कमी कर ना जरा. उजेड आला की आणखी घट्ट होतात, जसं काही आतून कुणी दोरी ओढतंय.

बरं, एक तोडगा आहे. हे इथं, कानशिलावर, भुवईच्या शेपटीशी बोट टेकवलं ना — दाबायचं नाही, नुसतं टेकवायचं — की उघडतात. मग मी गप्प बसले तरी चालतं. हे बघ — — कळलं? किती वेळ राहिले! तसाच काढ. काय? हात चालत नाही फोटोत? मग खोडून टाक की, परवा त्या नवरदेवाचा मुरूम खोडलास, माझं बोट काय जड आहे? कचेरीच्या यंत्राला कळतं? खोडलेलं? बाई बाई, काय यंत्र. मग तू तुझं बोट — हो, तोही हातच. चिकटपट्टी नको, चिकटपट्टी लावून बघितली मी घरी, भुतासारखी दिसत होते, आरशात बघून मीच किंचाळले. भुताचं नाव नको काढायला खरं तर.

असं कधीपासून? झालं की आता वर्ष. आधी नुसती फडफड, डाव्या डोळ्याची. वाटलं धूळ गेली. थेंब घातले. मग दोन्ही. मग रस्ता ओलांडताना मध्येच मिटायला लागले — तू हसू नकोस, मोटार आली आणि मी आपली मधोमध उभी, डोळे मिटून, मोटारवाला म्हणाला, प्रार्थना घरी करा! भाजीवाल्याला वाटायचं मी डोळा मारतेय. रोज दोन टोमॅटो जास्त टाकायचा बिचारा, त्याला मी सांगितलं नाही हं खरं काय ते. चष्मेवाल्यानं चष्मा दिला, काही उपयोग नाही. डोळ्यांच्या डॉक्टरीण बाईंनी टॉर्च मारून मारून बघितलं, म्हणाल्या, डोळे ठणठणीत आहेत, कुठल्या गोळ्या चालू आहेत का? सांगितल्या. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, गोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. त्यानं मला समोर बसवून जीभ बाहेर काढायला लावली, बोटं हलवायला लावली, आणि म्हणाला, मावशी, हे गोळीनंच झालंय, होतं काहीजणांना, बरेच दिवस घेतली की. आपण बदलू, हळूहळू बदलू, पापणीत सुई देतात तीही देऊ पुढच्या महिन्यात, पण एक करायचं नाही, म्हणाला, एकदम बंद करायची नाही. एकदम बंद केली तर डोळे उघडतील असं समजू नका, उलट वाढेल. आणि दुसरंही परत येईल.

कसल्या गोळ्या म्हणजे — झोपेच्या. म्हातारपणी झोप कुठं येते — अरे, बघतोस काय असा, पोलिसासारखा? बरं, झोपेच्या नाहीत. डोक्याच्या. डोकं दुखतं त्याच्या नव्हे. मला एक बाई दिसायची, त्याच्या. झालं समाधान? आता खुर्ची मागं सरकवू नकोस, मी काही चावत नाही, आणि ती बाईही चावायची नाही, जाऊच होती माझी. दिराची बायको. धाकटी. सगळे धाकटीच म्हणायचे तिला, तिचं लग्नातलं नाव दिरालासुद्धा आठवायला लागायचं.

एका मोठ्या हॉटेलात कामाला होतो आम्ही दोघी, तळघरात, जिथं खोल्यांच्या चादरी-टॉवेल धुतात. आम्ही नुसतं ‘खाली’ म्हणायचो. कुठं चाललात — खाली. सकाळी आठ ते पाच, खिडकी नाही, वाफ, साबणाचा वास, आणि यंत्रांची घरघर इतकी की ओरडून बोलायचं — म्हणून तर आवाज असा झालाय माझा. चादरीची घडी एकटीला घालता येत नाही. दोन टोकं तिच्या हातात, दोन माझ्या, झटका द्यायचा, ताणायची, मग चालत एकमेकींजवळ यायचं, टोकाला टोक द्यायचं, परत मागं. दिवसाला चारशे चादरी. अठरा वर्षं. नवऱ्याच्या जवळ गेले नसेन एवढ्या वेळा त्या बाईच्या जवळ गेलेय — लाजतोस काय, लग्न झालंय ना तुझं?

आणि काय एकेक उद्योग करायचो! सुपरवायझर बाईंच्या कोटाच्या बाह्या आतून शिवून टाकल्या होत्या, तास अर्धा तास हात अडकून बसल्या, रागानं बोलता येईना आणि हात हलवता येईना. चादरींच्या गाडीत लपून बसायचं आणि लिफ्ट उघडली की भॉक करायचं. आणि आमचा सगळ्यात मोठा खेळ म्हणजे मेल्याचं सोंग. जेवणानंतर अर्धा तास मिळायचा, तेव्हा एकीनं धुतलेल्या चादरींच्या ढिगावर आडवं व्हायचं, डोळे मिटून, हातपाय सैल सोडून, आणि दुसरीनं रडायचं — अगं बाई गं, गेलीस गं, माझी नवी चप्पल घालून गेलीस गं! — आणि जी आधी हसेल तिनं त्या दिवशी लास्टिकवाल्या चादरींच्या घड्या घालायच्या. लास्टिकवाली कधी घडी घालून बघ, देवसुद्धा रडेल. तर मला ते सोंग मस्त जमायचं, मी दगड. तिला कधीच नाही. ती हसायची नाही, पण तिची पापणी फडफडायची. सगळं अंग मेलेलं आणि पापणी आपली अशी — टिक टिक टिक टिक. मी म्हणायचे, पकडली! मेलेल्या बाईची पापणी हलते होय? की उठायची शिव्या देत.

वारली ती. बावीस वर्षं झाली. तिथंच, खाली. मी इस्त्रीचे कपडे द्यायला वर गेले होते, परत आले तर अशी पडलेली. डोक्यात रक्त फुटलं म्हणाले डॉक्टर. झोपेत गेली.

किती वाजले? असू दे, सांगू नकोस, बघवत नाही मला त्या घड्याळाकडं. बोलते मी, तू बघ काही जमतंय का — मी बोलता बोलता शब्द संपतो ना, तेवढ्या फटीत दाब. ‘म’ म्हणताना तोंड मिटतं. मामा. मीठ. मरण. जमलं का? अर्धवट? एक उघडा एक बंद? तोही डोळा मारणाराच आला म्हणायचा. नाही चालायचा. खिडकीवाल्याचा गैरसमज होईल.

मग धाकटी यायला लागली. आमचे हे गेले, मुलगी तिकडं गेली, घर रिकामं, आणि मी एक दिवस माझीच एकटीची चादर दोरीवरनं काढून घडी घालत होते, हनुवटीत धरून, एकटी माणसं घालतात तशी — तर समोरची टोकं उचलली गेली. उचलून धरली तिनं. झटका दिला. खरं सांगू? मला भीती नाही वाटली. मला इतका आनंद झाला! म्हटलं, आलीस का, कुठं होतीस इतकी वर्षं? वर्षभर घातल्या आम्ही घड्या. धुतलेल्या, न धुतलेल्या, कपाटातल्या काढून मोडून परत. मुलगी सुट्टीवर आली, किल्ली होती तिच्याकडे, दार उघडून बघते तर आई मधल्या खोलीत चादर ताणून उभी, खदाखदा हसतेय, आणि समोर कुणी नाही. पोरीच्या हातातली बॅग खाली पडली. तिचा तो चेहरा — त्या चेहऱ्यासाठी घेतल्या मी गोळ्या, दुसऱ्या कशासाठी नाही. आठवड्यात धाकटी गेली. एकदम नाही गेली — आधी तिचा आवाज गेला, मग चेहरा पुसट, शेवटी नुसते हात राहिले टोकं धरून, मग तेही नाही. आणि वर्ष दोन वर्षांनी मी आरशात बघते तर माझी पापणी — टिक टिक टिक टिक.

डॉक्टर म्हणाला गोळीनं होतं. मी हो म्हणाले. गोळीनंच होत असणार, तो शिकलेला आहे. पण ती फडफड मी ओळखते रे. दुसऱ्या कुणाची नाहीच ती.

नाही, वर नव्हते गेले मी. इस्त्रीचे कपडे बिपडे काही नाही. खालीच होते, तिच्यापासून ही तुझी खुर्ची आहे ना तेवढ्या अंतरावर. ती म्हणाली, डोकं जड झालंय, जरा पडते ढिगावर. पडली. आणि मी बघितलं तर पापणी फडफडतेय. मी म्हटलं, पकडली! उठली नाही. मी रडून दाखवलं, चप्पल-बिप्पल सगळं म्हटलं, तरी उठली नाही, पापणी आपली चालूच. म्हटलं आज हट्टाला पेटलीय. लास्टिकवाल्या टाळायच्या आहेत बाईसाहेबांना. मग मी टॉवेलाचं बदक केलं — हॉटेलात करतात ना, पाहुण्यांच्या खाटेवर ठेवायला, मान वळवून — आणि ठेवलं तिच्या पोटावर. श्वासाबरोबर वर खाली, वर खाली, पोहत होतं अगदी. मी हसून हसून वाकले. आणि बसले घड्या घालत, एकटी, हनुवटीत धरून, पाठ करून तिच्याकडे, म्हटलं लक्षच द्यायचं नाही, कंटाळेल आणि उठेल. मध्ये एकदा वळून बघितलं. पापणी थांबली होती. बदक पण थांबलं होतं. आणि मला काय वाटलं असेल सांग. मला वाटलं — आज शिकली. दम धरायला शिकली, आज हिला जमलं सोंग. मोठ्यानं म्हटलंसुद्धा, शाब्बास गं! यंत्राची घंटा झाली तेव्हा गेले जवळ. चाळीस मिनिटांचं होतं ते यंत्र.

बदक मोडून टॉवेल घडी घालून ठेवला मी, मग ओरडले. आधी ते केलं.

दिरानं विचारलं, वहिनी, त्रास झाला असेल का हो तिला? मी म्हटलं, नाही हो भाऊजी, पापणीसुद्धा हलली नसेल. हेच शब्द. तो समाधानानं गेला, मागल्या साली. मुलीला माहीत नाही. डॉक्टरला नाही. तुला का सांगितलं कोण जाणे, डोळे उघडे ठेवायला बोलत सुटले तर हेच निघालं तोंडातनं. कॅमेरा खाली कशाला घेतलास? माझ्याकडं बघ, कॅमेऱ्यातनं बघ, तसा नको.

आणि मागं वळून बघू नकोस. काही नाही तिकडं. अरे नाही म्हटलं ना — बरं बाबा. आठ दिवस झाले, गोळी घेतली नाही मी. रुमालात बांधून ठेवल्यात, आठ. म्हटलं, गोळीनं मिटतात तर गोळी सोडली की उघडतील, फोटो काढू, अर्ज देऊ आणि परत सुरू करू, कुणाला पत्ता लागणार? आयुष्यभर लोकांना फसवत आले, म्हटलं एक गोळी काय फसवता येत नाही? तर डोळे आहेत तसेच, उलट जास्तच, डॉक्टर म्हणाला होता तस्सं. आणि कालपासून ती आलीय. मी इथं पायऱ्या चढून आले ती मागनं आली. आता तिथं उभी आहे, तुझ्या त्या पांढऱ्या छत्रीच्या दिव्यापाशी. मुलीला फोन करू नकोस. तिचा नंबर लिहून दिलाय मी तुझ्या पावतीच्या पाठीमागं, तो फाडून टाक. किती — सव्वातीन? इथून कचेरी वीस मिनिटं. काढ काहीतरी. कसाही काढ. नाहीतर मी त्या घरात आणि ही — दीड वर्ष — आणि मग मला जावंसंच वाटणार नाही, कळतंय का तुला? भीतीनं नाही म्हणत. आवडतं मला तिच्याबरोबर. तेच तर वाईट आहे.

आली ती जवळ. थांब. काय गं? काय करतेस? इथं — कानशिलावर — अगं, गार आहे तुझं बोट — — हलू नकोस तू, कॅमेरा घे, घे म्हणते ना वर! मी आता गप्प बसणार आहे. मी गप्प बसले की दाब. मोजू नकोस.

— —

काढलास? दाखव. इकडे दाखव, तो उजेड बाजूला घे. उघडे आहेत. दोन्ही. तोंड बंद. बघ, कसं सरळ बघतेय बाई, जशी काही कधी कुणाची खोडी काढलीच नाही. आणि कानशिलाशी काही नाही ना? नीट बघ, मोठं करून बघ. नाही. यंत्राला नाही कळायचं म्हणजे.

का केलंस गं तू हे? तुला नाही विचारत, तू प्रती काप, चार. का केलंस? मी जावं म्हणून? हसतेस काय. जातेय मी खरंच, ही काही गंमत नाही. पाणी दे रे एक घोटभर, त्या बाटलीतलं चालेल. रुमाल कुठं ठेवला मी — हं. एकच घेते, बाकीच्यांचं डॉक्टरला सांगेन, ओरडेल तो, ओरडू दे. — — गेली घशाखाली. एका गोळीनं नाही जाणार ती, आठवडा लागेल, माहितीये मला कसं होतं ते. पण तिला कळलंय. उभी आहे आणि बघतेय. तेव्हा पडली होती तर मी पाठ करून बसले, आणि आता उभी आहे तर परत पाठ फिरवून कशी बसू —

तू जा आत. प्रती काप जा म्हटलं ना, वेळ नाही. आणि माझ्याशी काही बोलायला येऊ नकोस, मला पाच मिनिटं गप्प बसायचंय.